खडकाळ वाटेचा टायर

सह्याद्रीच्या उतारांवर बसाल्टचे धारदार दगड असतात आणि पावसाळ्यात बुळबुळीत झालेली मुळंही. अशा वाटेसाठी सायकलचा टायर घेताना नक्षीआधी त्याची बाजूची भिंत तपासा. पातळ भिंतीचा हलका टायर चढावर सुखाचा वाटतो, पण उतारावर कडेला फाटला की सायकल ढकलतच खाली यावं लागतं. त्यामुळे थोडं वजन वाढलं तरी जाड भिंतच घ्यावी. रुंदी २.४ इंचांच्या आसपास पुरते.

ओल्या मुळांत नॉब, म्हणजे नक्षीतले उंचवटे, रुतत नाहीत. तिथे पकड देतं ते मऊ रबर. ते लवकर झिजतं, म्हणून पुढे मऊ आणि मागे जरा टणक रबर लावावं.

हवा मात्र सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला पैसेही पडत नाहीत! ट्यूब असेल तर कमी हवेत दगड आणि रिम यांच्यात ती चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये हा धोका खूप कमी असतो. सत्तर किलोच्या स्वाराने ट्यूबलेसमध्ये पुढे २२, मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करावी. रिम दगडावर वाजू लागली, तर एक-दोन पीएसआय वाढवावेत. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, गेज वापरा.