विश्लेषण : ‘वाईट’ कोलेस्टेरॉल नेमके कधी वाईट होते?

रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध आता सर्वपरिचित आहे. मात्र हे कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत साठते कसे, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना अनेक वर्षे चकवले. डॅनियल स्टाइनबर्ग यांनी त्याचे उत्तर ‘ऑक्सिडीकरणा’त शोधले. पण त्या आधारे दिलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या हृदय वाचवू शकल्या नाहीत. असे का झाले?

लिपोप्रोटीन म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे शरीर ते प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून रक्तातून पाठवते. ही सूक्ष्म पुडकी म्हणजे लिपोप्रोटीन. त्यातील ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल पेशींपर्यंत पोहोचवते. पेशीवरील ज्या ग्राहकामार्फत (रिसेप्टर) ते आत शिरते, तो शोधणारे मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

कोडे कोणते होते?

धमनीत थर साचू लागतो तेव्हा तेथील भक्षक पेशी कोलेस्टेरॉलने ठासून भरलेल्या आणि फेसाळ दिसतात. पण प्रयोगशाळेत याच पेशींना साधे एलडीएल दिले, तर त्या फारसे घेत नाहीत. शिवाय ज्यांच्यात हे ग्राहक जन्मतःच निकामी असतात, त्यांना तर बालवयातच हृदयविकार होतो. मग एलडीएल पेशीत शिरते कोणत्या दाराने? रासायनिक बदल केलेले एलडीएल भक्षक पेशी वेगळ्या ग्राहकामार्फत झपाट्याने गिळतात, हे ब्राऊन-गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्ये दाखवले. शरीरात हा बदल कोण घडवतो, हे मात्र कळले नव्हते.

स्टाइनबर्ग यांना काय आढळले?

कॅनडात १९२२ मध्ये जन्मलेले स्टाइनबर्ग सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करत. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींसोबत ठेवलेले एलडीएल भक्षक पेशी कितीतरी वेगाने घेतात, हे त्यांच्या गटाने १९८१ मध्ये दाखवले. हा बदल म्हणजे ऑक्सिडीकरण, हे १९८४ मध्ये स्पष्ट झाले. जोसेफ विट्झटम आणि भारतीय वंशाचे संपत पार्थसारथी हे या संशोधनातील सहकारी. डब्यातले खोबरे खवट होते, तशीच ही क्रिया. ‘ई’ जीवनसत्त्व मिसळले की ती थांबत होती. नेहमीचा ग्राहक पेशीचे पोट भरले की कमी होतो. हे दुसरे दार मात्र उघडेच राहते. म्हणून पेशी फुगत जाते. पुढे १९८७ मध्ये ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या प्रोब्युकॉल या औषधाने, आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ असलेल्या सशांच्या धमन्यांतील थर मंदावल्याचे दिसले.

मग ‘ई’ जीवनसत्त्व का फसले?

सशांत जमले ते माणसांत जमले नाही. ‘होप’ या चाचणीत नऊ हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व देण्यात आले. २००० मध्ये निष्कर्ष आला : हृदयविकारात फरक नाही. ब्रिटनमधील २०,५३६ जणांच्या चाचणीतही ‘ई’, ‘क’ आणि बीटा कॅरोटीन निष्प्रभ ठरले. त्याच चाचणीत सिम्वास्टॅटिनने मात्र हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात सुमारे एक चतुर्थांशाने कमी केले. उपचार फार उशिरा सुरू झाले का, धमनीच्या भिंतीत हे जीवनसत्त्व पुरेसे काम करते का, असे प्रश्न त्यातून उभे राहिले. म्हणजे औषध फसले. पण ऑक्सिडीकरणाचा सिद्धांत त्यामुळे खोटा ठरला, असे म्हणता येत नाही.

रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

खवट व्हायला आधी तेल हवे. एलडीएलच कमी असेल, तर भिंतीत शिरून बिघडणारा मालही कमी. कोलेस्टेरॉल घटवण्याची शिफारस करणाऱ्या १९८४ च्या अमेरिकी तज्ज्ञ परिषदेचे अध्यक्ष स्टाइनबर्गच होते. त्यांचे २०१५ मध्ये निधन झाले. ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेली प्रत्येक गोळी निरुपद्रवी असते, हाही भ्रमच. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ मध्ये दिसले. म्हणून डॉक्टरांनी दिलेले स्टॅटिन बंद करून कॅप्सूलवर विसंबणे धोक्याचे. तंबाखू सोडणे, एलडीएल आटोक्यात ठेवणे आणि रक्तदाब तपासत राहणे, हेच आजही खात्रीचे उपाय आहेत.