शेलूबाजारच्या नाक्यावरचे घड्याळ

शेलूबाजार हे वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातले चौफुलीचे गाव. नागपूरहून कारंजामार्गे मालेगाव, मेहकरकडे जाणारा जुना द्रुतगती मार्ग आणि अकोला–मंगरुळपीर रस्ता इथे एकमेकांना भेटतात. गावाजवळूनच आता समृद्धी महामार्ग जातो, आणि त्यावर चढण्या-उतरण्याचा एक मार्ग शेलूबाजारच्या नावाने ओळखला जातो. खरे तर या महामार्गाची पहिली गाडी इथेच येऊन थांबायची होती. नागपूर ते शेलूबाजार हा 210 किलोमीटरचा टप्पा 2 मे 2022 रोजी खुला करण्याचे ठरले होते. पण नागपूरच्या बाजूला वन्यप्राण्यांसाठी बांधलेल्या उन्नत मार्गाच्या कमानीचे नुकसान झाले आणि मुहूर्त पुढे गेला. पुढे 11 डिसेंबर 2022 रोजी थेट शिर्डीपर्यंतचे 520 किलोमीटर एकदम सुरू झाले, आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरी–आमणे टप्पा खुला होऊन 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला.

या रस्त्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर त्याला रस्ता न मानता पूल मानावे. डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणारा ओरेसुंडचा पूल 2000 साली सुरू झाला. बोगदा आणि कृत्रिम बेट धरून तो सगळा मार्ग सुमारे 16 किलोमीटरचा आहे. टोलनाका स्वीडनच्या काठावर आहे आणि वारा फार वाढला की पूल वाहनांसाठी बंद करतात. अशा पुलावर मध्येच उतरता येत नाही. गाडी कुठली, चालक कसा, हवा कशी याचा विचार टोकावरच करावा लागतो. आपल्याकडच्या अटल सेतूचेही तसेच. 21.8 किलोमीटरच्या त्या सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे, कारण तिथे थांबलेले वाहन स्वतःला आणि मागून येणाऱ्यालाही धोक्यात घालते. समृद्धी महामार्ग जमिनीवरून जात असला तरी त्याची रचना याच जातीची आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, बराचसा भाग भरावावर, चौक नाही, सिग्नल नाही, रस्त्याकडेला गाव नाही. एकदा वर चढलेली गाडी पुढच्या इंटरचेंजपर्यंत त्या रस्त्याच्या स्वाधीन. तिची आणि व्यवस्थेची गाठ पडते ती फक्त नाक्यावर. म्हणून या महामार्गाच्या सुरक्षेचा विचार टोलनाक्यापासून सुरू व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

नाक्यावरची यंत्रणा जवळून पाहण्यासारखी आहे. गाडीच्या काचेवर आतून चिकटवलेल्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. एक चिमुकली चिप आणि तिच्याभोवती धातूच्या पातळ पट्टीची अँटेना, एवढाच त्याचा संसार. लेनच्या वर बसवलेला रीडर 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो. त्या लहरींचीच ऊर्जा घेऊन चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. टॅग वाचला गेला की समोरचा आडवा दांडा वर उचलला जातो. या रस्त्यावर टोल जितके अंतर तितका, आणि तो उतरताना कापला जातो. सुरुवातीला हलक्या वाहनाला किलोमीटरमागे 1.73 रुपये होते, 1 एप्रिल 2025 पासून 2.06 रुपये झाले. असा हिशेब करायचा तर गाडी कुठल्या नाक्यावरून आणि कधी आत आली याची नोंद ठेवावीच लागते. म्हणजे गाडी शेलूबाजारला उतरते तेव्हा यंत्रणेच्या हाती तीन गोष्टी असतात: आत येण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ आणि मधले अंतर. आज आपण त्यांतल्या फक्त अंतराचे पैसे करतो.

वेळेचे काय करता येईल, ते साध्या भागाकाराने कळते. 210 किलोमीटरला 120 ची वेगमर्यादा लावली तर 105 मिनिटे लागतात. ट्रकसाठी मर्यादा 80 ची, म्हणजे दोन तास अडतीस मिनिटे. नागपूरहून निघालेली कार 90 मिनिटांत शेलूबाजारला उतरली, तर तिचा सरासरी वेग 140 होता, आणि मध्ये कुठेतरी तो त्याहून जास्त असणार. साक्षीदार लागत नाही, अंदाज लागत नाही. वाचले किती? पंधरा मिनिटे. त्या पंधरा मिनिटांसाठी धडकेतली ऊर्जा छत्तीस टक्क्यांनी वाढवली, कारण वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ती वाढते. शिवाय पुढे 80 ने चालणारा ट्रक 140 च्या गाडीला ताशी 60 किलोमीटरने आपल्याकडे धावून येणाऱ्या भिंतीसारखा असतो. इटलीने 2005 पासून आपल्या टोलरस्त्यांवर दोन ठिकाणांमधली सरासरी मोजायला सुरुवात केली आणि त्या पट्ट्यांवरचे मृत्यू पहिल्याच वर्षी जवळपास निम्म्यावर आल्याचे तिथल्या रस्ते कंपनीने जाहीर केले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही जुलै 2024 पासून कॅमेऱ्यांच्या यंत्रणेत सरासरी वेगाची तपासणी आहे. समृद्धीवर त्यासाठी लागणारा अर्धा सरंजाम पहिल्या दिवसापासून उभा आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हा रस्ता ताशी 150 किलोमीटर वेगासाठी आखलेला आहे, मग 120 चा आग्रह कशाला? आखणीचा वेग वळणांचा बाक, चढ-उतार आणि दिसण्याचे अंतर सांगतो. टायर किती झिजलेला आहे, गाडीत किती माणसे कोंबली आहेत, चालक किती तासांपासून जागा आहे, हे आखणीला ठाऊक नसते. दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो हलका मानू नये. टोलसाठी दिलेली माहिती दंडासाठी वापरली, तर उद्या ती आणखी कशासाठी वापरली जाईल? सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले आहे, तेव्हा हे गुपचूप करता येणार नाही. वापराचा हेतू नियमात लिहावा लागेल, आणि मर्यादेत आलेल्या गाडीची नोंद टोलचा हिशेब मिटल्यावर पुसावी लागेल. पण 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 136-अ महामार्गांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवा असेच सांगते. कायद्याची वाट मोकळी आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे, कारण तो माणसांच्या मृत्यूंतून येतो. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. बस दरवाजाच्या बाजूवर पडली होती. टायर फुटल्याचे आधी सांगितले गेले, परिवहन कार्यालयाच्या अहवालाने ते नाकारले, आणि बसचा वेगही मर्यादेबाहेरचा आढळला नाही. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला वैजापूरजवळ मिनीबस थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि 12 जण दगावले. यांतल्या पहिल्या अपघाताला तरी नाक्यावरचे घड्याळ काय करणार होते? सरासरी वेग मोजून, खरेच, काही नाही. कारण इथला धोका फक्त वेगाचा नाही, डुलकीचाही आहे: सरळ, एकसुरी काँक्रीट, समोर काही हलत नाही, वळण येत नाही, डोळा उघडा असूनही मेंदू झोपतो. ताशी 120 ने गाडी सेकंदाला 33 मीटर जाते, तीन सेकंदांच्या डुलकीत शंभर मीटर. रस्ता सुरू झाला तेव्हा थांबायला सोयीची ठिकाणेही अपुरी होती. थकलेल्या माणसाला जागा न देता त्याला जागे राहायला सांगणे हा अन्याय आहे.

पण घड्याळाचा उपयोग इथेही आहे, फक्त उलट्या बाजूने. जी बस किंवा जो ट्रक तीनशे किलोमीटर न थांबता आला, तो वेळेच्या नोंदीतून ओळखता येतो, कारण वेगमर्यादा पाळून लागणाऱ्या वेळेत विश्रांतीसाठी मिनिटच उरत नाही. अडचण अशी की हे कळते उतरताना, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मुख्य मार्गिकेवर, दोन इंटरचेंजच्या मध्ये, दांडा नसलेले रीडर बसवावे लागतील, म्हणजे थांबा न घेतलेल्या अवजड वाहनाला पुढच्या विश्रांतीस्थळी उतरवता येईल. त्यातही कटकटी आहेतच. टॅग एका गाडीचा आणि काचेवर दुसऱ्याच गाडीच्या, असे होते, म्हणून नंबरप्लेटचा कॅमेरा टॅगशी जुळवावा लागेल. केंद्रीय नियम 167-अ प्रमाणे दंडासाठी वापरायच्या उपकरणाला दरवर्षी मंजुरीचे प्रमाणपत्र लागते आणि नियमभंगाची नोटीस पंधरा दिवसांत जावी लागते. टोलच्या रीडरचे घड्याळ आज पैशांसाठी पुरेसे आहे, न्यायालयात टिकण्यासाठी सगळ्या नाक्यांची घड्याळे एकमेकांशी तपासून घ्यावी लागतील.

सगळ्यांत वाईट शक्यता वेगळीच आहे. 140 ने आलेला चालक दंड चुकवायला नाक्याच्या अलीकडे कडेच्या पट्टीवर दहा-पंधरा मिनिटे गाडी उभी करील. उभे वाहन म्हणजे वैजापूरसारख्या रात्रीला आमंत्रण. म्हणून इंटरचेंजच्या आधीच्या पाच किलोमीटरांत गस्त हवी, उभ्या गाडीचा दंड वेगाच्या दंडाहून मोठा हवा, आणि हे दोन्ही होईपर्यंत घड्याळावरून दंड सुरू करू नये. आज कायद्यात वेगाचा दंड हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, मध्यम आणि अवजड वाहनांना दोन ते चार हजार आहे. ज्याला पंधरा मिनिटांची घाई आहे, त्यातल्या अनेकांना तो परवडतो.

तोवर एक गोष्ट उद्यापासून करता येण्याजोगी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. उतरताना लेनमधल्या छोट्या पडद्यावर वाहनाचा वर्ग आणि कापलेली रक्कम दिसते. त्याखाली आणखी एक ओळ टाकावी: प्रवासाला लागलेली मिनिटे आणि सरासरी वेग. बसमध्ये ती चालकाबरोबर पहिल्या बाकावरचे प्रवासीही वाचतील. रस्ते विकास महामंडळाने याची सुरुवात शेलूबाजारपासून करावी.