बिनमाशांची टाकी आणि पाच आठवड्यांचा सब्र

ईदला आलेल्या पाहुण्यांनी शीरखुर्म्याची वाटी हातात घेतली आणि बैठकीतल्या काचेच्या टाकीसमोर उभे राहून विचारले, "मास्तर, दगड पाळलेत का?" टाकीत खारे पाणी होते, तळाला वाळू होती, दगड होते, मासा एकही नव्हता. आमची धाकटी मान खाली घालून आत गेली. ईदपर्यंत मासे आणू, असा शब्द आम्हीच तिला दिला होता.

खरे तर ही आमची दुसरी खेप. देऊळगाव राजापासून समुद्र चारशेहून अधिक किलोमीटर लांब. मुलांना घरातच समुद्राचा एक तुकडा दाखवावा, ही आमची हौस. पहिल्या वेळी शहरातल्या एका दुकानातून टाकी, मीठ आणि मासे एकाच दिवशी आणले. पाणी आरशासारखे स्वच्छ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे तळाशी पडलेले. धाकटीने ते अंगणातल्या कडुनिंबाखाली पुरले आणि विचारले, "अब्बू, पाणी तर स्वच्छ होतं ना?"

वीस वर्षे विज्ञान शिकवूनही उत्तर शोधायला आम्हाला पुस्तके उघडावी लागली. स्वच्छ पाणी आणि राहण्याजोगे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेले खाद्य कुजले की तोही अमोनियाच. तो दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने तिथे तो गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच; नायट्रेट त्यामानाने सौम्य, पाणी बदलून काढता येते. आपल्या कपाशीला टाकलेल्या युरियाचे जमिनीत जे होते, तेच टाकीत होते.

अम्मींना हे समजावताना आम्ही म्हणालो, "म्हणजे विरजणच." त्या म्हणाल्या, "मग एका रात्रीत लागायला पाहिजे!" मुद्दा नेमका होता. दह्यातले जिवाणू उबदार दुधात तासाभरात दुप्पट होतात. हे जिवाणू दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास, कधी त्याहून जास्त घेतात. शिवाय दुसऱ्या गटाचे अन्न पहिला गट तयार करतो, म्हणून तो मागाहूनच वाढतो. म्हणून दह्याला रात्र पुरते, टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. अम्मींनीच मग निकाल दिला: "स्लॅब टाकला की एकवीस दिवस पाणी मारतो ना आपण? लगेच बिऱ्हाड नेत नाही."

दुसऱ्या खेपेला थोरल्याने विचारले, "लोणारचं पाणी आणलं तर? आपल्याच जिल्ह्यात आहे, खारंही आहे." प्रश्न चांगला होता. पण लोणार सरोवरात मिठाबरोबर सोडा आहे; पीएच १० च्या घरात जातो आणि त्यात मासे जगत नाहीत. तिथे राज्य सूक्ष्मजीवांचे. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेही मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळेच. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही. त्यात समुद्रातले मॅग्नेशियम, कॅल्शियम नसते. मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे आमच्या १०० लिटरला साडेतीन किलो लागले.

मासा न घालता जिवाणूंना खायला काय द्यायचे? अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर. बाजारातला अशुद्ध असतो, म्हणून प्रयोगशाळेसाठीचा शुद्ध घेतला: १०० लिटरला सुमारे ०.६ ग्रॅम. त्याने लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. विरजण म्हणून जालन्याच्या एका परिचितांकडून जुन्या टाकीतली मूठभर ओली वाळू आणली. दिवा बंद ठेवला, नाहीतर शेवाळ माजते. पाण्याला हवा देणारा पंप मात्र रात्रंदिवस चालू. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. वीज आपल्याकडे कधीही जाते, म्हणून बॅटरीवरचा पंप आधीच घेतला. उन्हाने पाणी उडाले की भर साध्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्याची नाही. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते.

धाकटीने वही घातली. दर दोन दिवसांनी चाचणीच्या नळीतला रंग पाहायचा आणि लिहायचा. नवव्या दिवशी अमोनिया उतरू लागला, नायट्राइट दिसले. चोविसाव्या दिवशी ईद. अमोनिया शून्य, पण नायट्राइटचा रंग गडद. सकाळी तिने नळी आमच्यासमोर धरली. मनात आले, आणून टाकावेत दोन मासे, ईदचा दिवस आहे. पण कडुनिंबाखालची जागा दोघांनाही आठवत होती. "नाही आणायचे," असे तीच म्हणाली आणि त्यानंतर पाहुण्यांचा तो प्रश्न ऐकून आत गेली. शब्द आम्ही मोडला होता, शरमिंदी मात्र ती झाली. संध्याकाळी आम्ही तिची माफी मागितली. शब्द देताना तारीख द्यायला नको होती.

छत्तिसाव्या दिवशी नायट्राइट शून्य झाले. तरी खात्री म्हणून नवसागराची तेवढीच मात्रा पुन्हा दिली. चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. मग नायट्रेट कमी करायला अर्धे पाणी बदलले. काढलेले खारे पाणी झाडांना घातले नाही. त्यानंतरच दोन छोटे क्लाउनफिश आले, तेही समुद्रातून पकडलेले नव्हे, हॅचरीत जन्मलेले. अशी पैदास आता आपल्या राज्यात ऐरोलीलाही झाली आहे.

टाकीत खरे प्रवाळ नाही. समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; जिवंत असो वा मेलेले, ते काढणे किंवा विकणे गुन्हा आहे. कोणी "शोभेला घ्या" म्हणाले तर सरळ नाही म्हणावे. आमचे दगड भट्टीत भाजलेल्या सिरॅमिकचे आहेत.

जिवाणूंची संख्या दोन माशांपुरतीच वाढलेली असते, म्हणून आणखी महिनाभर तिसरा मासा आणायचा नाही, असे ठरले आहे. परवा तेच पाहुणे पुन्हा आले. टाकीपाशी उभे राहून म्हणाले, "आणखी दोन-चार टाका की, जागा आहे." धाकटीने वही उघडून त्यांच्यापुढे धरली.