सभागृह नसलेली परिषद

सह्याद्रीच्या कड्यांकडे लांबून पाहिले की जिना दिसतो. सपाट टप्पा, उभी भिंत, पुन्हा सपाट टप्पा. या पायऱ्यांवरूनच दख्खनच्या काळ्या पाषाणाला ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थच पायऱ्या. अमेरिकेच्या ईशान्येला, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातही असाच काळा दगड आहे. तिथेही त्याला ट्रॅपच म्हणतात आणि आपल्यासारखीच त्याची खडी रस्त्याला वापरतात. आपला ट्रॅप सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, तिथला सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा. दोन्हीकडच्या लाव्ह्याचा काळ पृथ्वीवरच्या मोठ्या जीवसंहाराशी जुळतो. त्या खोऱ्यात १९०१ साली एका परिषदेचा जन्म झाला. भूविज्ञान शिकवावे कसे, याचे मला पटलेले सर्वांत चांगले उत्तर त्या परिषदेत आहे.

तिचे नाव न्यू इंग्लंड आंतरमहाविद्यालयीन भूवैज्ञानिक परिषद. ती सुरू केली हार्वर्डच्या विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी. नदी कोवळी असते, प्रौढ होते, म्हातारी होते, हे आपण शाळेच्या भूगोलात शिकतो. ती कल्पना याच डेव्हिस यांची. पहिल्या वर्षी त्यांनी वेगवेगळ्या महाविद्यालयांतल्या मंडळींना वेस्टफील्ड नदीकाठी नेले. तिथे नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीच्या पायऱ्या आहेत. हिमयुग सरताना दरी वाळूमातीने भरून गेली, आणि पुढे नदी तो भराव कापत खाली उतरली. प्रश्न असा होता की, नदी डावीउजवीकडे वळणे घेत सरकत असताना वरच्या पायऱ्या शिल्लक राहिल्याच कशा? डेव्हिस यांचे उत्तर पायाखालीच होते. भरावात गाडला गेलेला कठीण खडक कुठे कुठे वर डोकावतो. सरकणारी नदी त्याला येऊन अडते, आणि त्याच्या मागची पायरी वाचते. हे फळ्यावर सांगता येते. पण पायरीच्या टोकाला तो खडक खरोखर आहे का, हे चालत जाऊनच पाहावे लागते. आणि एखाद्या टोकाला तो सापडला नाही, तर शिक्षकाला तिथल्या तिथे प्रश्न विचारता येतो.

या परिषदेची रीत तेव्हापासून हीच राहिली. मध्ये काही वर्षे खंड पडला, तरी शरद ऋतूत ती पुन्हा पुन्हा भरत आली. यजमान महाविद्यालय दर वर्षी बदलते, म्हणून खडकही बदलतात. कुठे समुद्र मिटून खंड एकमेकांवर आदळले तेव्हा भाजून निघालेले शिस्ट आणि नाइस, कुठे ग्रॅनाइट, कुठे हिमनदीने घासलेल्या रेघा. व्याख्यानांच्या सत्रांऐवजी इथे एकाच वेळी अनेक सहली निघतात, आणि ज्याने त्याने आपल्या आवडीची निवडायची.

या सहलींचा कणा म्हणजे मार्गदर्शिका. सहल नेणारा आधी ती लिहून काढतो. त्या प्रदेशाबद्दल आजवर कुणी काय म्हटले, आपले म्हणणे काय, ते कशावरून, हे तिच्यात येते. पुढे मैलामैलाचा रस्ता असतो. इथे डावीकडे वळा, पुलाजवळ गाडी लावा, थांबा क्रमांक तीन. वर्षानुवर्षांच्या या पुस्तिका जपून ठेवल्या जातात, म्हणून आजचा विद्यार्थी जुनी पुस्तिका हातात घेऊन त्याच दगडापुढे उभा राहू शकतो. त्याच्या आधीच्या पिढीला तिथे काय दिसले आणि काय दिसले नाही, हे त्याला ताडून पाहता येते.

खरे शिक्षण ‘थांब्या’वर होते. सहल नेणारा दोन वाक्यांत मुद्दा मांडतो, मग सगळे पांगतात. कुणी भिंग डोळ्याला लावून खडकाला नाक टेकवते, कुणी सौम्य आम्लाचा थेंब टाकून बुडबुडे येतात का ते बघते, कुणी होकायंत्राने थराचा कल मोजते. मग वाद सुरू होतो. हा थर खालच्यापेक्षा जुना की नवा? ही घडी आधीची की ती? आयुष्य या टेकड्यांत घालवलेला प्राध्यापक आणि पहिल्यांदा फील्डला आलेली मुलगी एकाच दगडाकडे बोट दाखवत असतात. मोजमाप मुलीचे बरोबर असेल, तर प्राध्यापकाला ते मान्य करावे लागते. पदवीसाठी जो प्रदेश पायाखाली घातला, तिथली सहल विद्यार्थी स्वतः नेतात, तेव्हा आपल्या निष्कर्षाचा बचाव उघड्यावर करण्याची सवय त्यांना लागते.

आपण पाहिलेले आणि आपण समजलेले यांत अंतर असते, हा धडाही याच खोऱ्याचा. १८०२ साली साउथ हॅडली गावात प्लिनी मूडी या शेतकऱ्याच्या मुलाला नांगरताना दगडावर तीन बोटांची पावले सापडली. लोकांनी ती नोहाच्या कावळ्याची ठरवली. १८३६ मध्ये भूवैज्ञानिक एडवर्ड हिचकॉक यांनी अशा पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते ते महाकाय पक्षी होते. ‘डायनोसॉर’ हा शब्दच तेव्हा जन्मला नव्हता. पावले डायनोसॉरची होती हे पुढे कळले. हिचकॉक यांचा निष्कर्ष बदलला, त्यांनी जमवलेले दगड मात्र आजही अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाच्या संग्रहालयात तसेच आहेत. नवा माणूस त्यांच्यापुढे नवा प्रश्न घेऊन उभा राहू शकतो.

फील्डच्या जोडीला विद्यार्थ्याला व्यवसायाचे दारही उघडून द्यावे लागते. ते काम १८८८ मध्ये स्थापन झालेल्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेचे प्रादेशिक विभाग करतात. त्यांची वार्षिक संमेलने राष्ट्रीय अधिवेशनापेक्षा लहान आणि घराजवळची असतात. पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या संशोधनाचे पहिले भित्तिपत्रक मांडायला हीच जागा सोयीची. तिथे सहली असतात, नोकरीत लागणारी तंत्रे शिकवणारे छोटे अभ्यासक्रम असतात, प्रवासखर्चाला अनुदान मिळते. रॉय श्लेमन आणि जॉन मान यांच्या नावाचे उपक्रम मला फार मोलाचे वाटतात. उपयोजित भूविज्ञानात किंवा भूजलाच्या क्षेत्रात काम करणारी माणसे विद्यार्थ्यांबरोबर जेवायला बसतात, आणि आपण दिवसभर नेमके काय करतो ते सांगतात. धरणाचा पाया, घसरणारी दरड, गावाची विहीर ही कामे भूवैज्ञानिकाची आहेत, हे मुलांना तिथे कळते.

एवढा आग्रह प्रत्यक्ष जाण्याचा कशाला, असे कुणी विचारले तर मी भूवैज्ञानिक जे. हार्लन ब्रेट्झ यांचे उदाहरण देईन. वॉशिंग्टन राज्यातल्या ओरबाडलेल्या बेसाल्ट पठारावर अवाढव्य पूर येऊन गेला, असे त्यांनी १९२३ मध्ये मांडले. १९२७ मध्ये एका सभेत नामवंत भूवैज्ञानिकांनी त्यांना घेरले. त्यांतल्या बहुतेकांनी तो प्रदेश पाहिलाही नव्हता. १९६५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेची सहल त्या पठारावर गेली, आणि सदस्यांनी ब्रेट्झ यांना तार करून त्यांचे म्हणणे मान्य केले. १९७९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांना जिऑलॉजिकल सोसायटीचे पेनरोझ पदक मिळाले. जे सभागृहात चार दशके सुटले नाही, ते जमिनीवर गेल्यावर पटले.

आपल्याकडे अशा पाहण्याच्या आणि वादाच्या जागांची वाण नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी इथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि तिथेच अश्मयुगीन हत्यारेही सापडली. ही राख कुणाच्या मते सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाची. कुणाच्या मते कित्येक लाख वर्षे जुनी. हत्यारांचे वय त्यावरच ठरते. त्याच नदीवर खाली निघोजचे रांजणखळगे आहेत. लोणारचे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वादही १९७३ मध्ये तिथल्या खडकांत आघाताच्या खुणा दाखवल्या गेल्यावरच मिटत गेला. घाटातल्या अनेक वळणांवर दोन लाव्हाथरांमधला तांबडा पट्टा आपल्याला दिसतो. दोन उद्रेकांमध्ये काही काळ गेला, हे तो सुचवतो.

महाराष्ट्रातल्या भूविज्ञान विभागांच्या सहली निघतात, पण बहुधा आपापल्या. माझी विनंती इतकीच आहे की, दिवाळीनंतर गवत वाळून खडक उघडे पडले की वर्षातून एक शनिवार-रविवार सर्व महाविद्यालयांनी एकत्र यावे. यजमान दर वर्षी बदलावा, मार्गदर्शिका मराठीत लिहावी, आणि एक तरी सहल विद्यार्थ्यांनी न्यावी. पहिला थांबा बोरीचा असावा.