खोलीचा फोटो काढला की खिडकी पांढरीफट का पडते? समजून घ्या फ्लॅशचं गणित

सोलापूर : फ्लॅट भाड्यानं द्यायचा म्हणून भर दुपारी हॉलचा फोटो काढला. खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन. खिडकीवर टॅप केलं, तर सोफा काळोखात. भाडेकरू फोन करण्याआधी फोटो बघतो. हॉल अंधारा दिसला की फोन येतच नाही.

दोष मोबाइलचा नाही. आपल्याकडच्या दुपारी उन्हात जवळपास १ लाख लक्स उजेड असतो, खोलीत काहीशे. डोळा हे जुळवून घेतो, कॅमेऱ्याला एका फोटोत झेपत नाही. मोबाइल एचडीआरमध्ये काही फ्रेम जोडून वेळ मारून नेतो. इंटिरिअरचे फोटोग्राफर मात्र फ्लॅशनं खोलीतला उजेडच वाढवतात.

गंमत अशी, की फ्लॅश सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात चमकून विझतो. शटर त्यानंतर किती वेळ उघडं राहिलं, याचा त्याला फरक पडत नाही. खिडकीतल्या उजेडाला पडतो. म्हणजे शटर हा खिडकीचा नळ, फ्लॅशची पॉवर हा खोलीचा. आधी फ्लॅश बंद ठेवून बाहेरचं दृश्य दिसेपर्यंत शटरचा वेळ कमी करायचा, मग खोली उजळेपर्यंत फ्लॅश वाढवायचा. खिडकी थोडी उजळच राहू द्या. दोन्ही सारखं केलं, तर बाहेरचं झाड भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसतं!

शटरलाही मर्यादा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षा वेळ कमी केला, की फ्लॅशच्या फोटोत काळा पट्टा येतो. त्यात आयएसओ १००, एफ/८ अशा सेटिंगला छोटा फ्लॅश मोठ्या हॉलला पुरत नाही. सरळ ऊन कलल्यावर फोटो काढा.

फ्लॅश थेट मारला, तर बारावीच्या फिजिक्समधला नियम आडवा येतो : अंतर दुप्पट, उजेड पाव. जवळची खुर्ची पांढरी, मागची भिंत काळी. म्हणून तो पांढऱ्या छतावर मारतात. जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत हे फसतं. तिथल्या काळपट तुळया उजेड पितात, उरलेला पिवळट करून परत देतात. अशा वेळी कॅमेऱ्यामागची पांढरी भिंत शोधावी.

फक्त मोबाइलच असेल तर? त्याचा फ्लॅश बंद ठेवा, तो दोन-तीन मीटरपलीकडे फारसा पोचत नाही. सूर्य मावळल्यावर १५-२० मिनिटांत, एकाच रंगाचे दिवे लावून, मोबाइल स्टँडवर ठेवून फोटो काढा. तेव्हा आतला-बाहेरचा उजेड आपोआप जवळ आलेला असतो.