फ्लॉपीत अडकलेला वऱ्हाड

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्याचे दोन यंत्रांशी नाते आहे. पहिले यंत्र शकुंतला रेल्वेचे. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या नॅरोगेज मार्गावर गाडी ओढू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाने जागा घेईपर्यंत ओढत राहिले. दुसरे यंत्र मूर्तिजापूरला कधी आलेच नाही. पण ते ज्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले ते डॉ. विजय भटकर याच तालुक्यातल्या मुरंब्याचे. जन्म १९४६चा, अभियांत्रिकीची पदवी नागपूरची. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली तेव्हा तिची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला.

वाफेचे इंजिन सत्तर वर्षे चालले, कारण त्याचा झिजलेला भाग बघून तसाच दुसरा घडवता येत होता. संगणकाचे तसे नाही. ‘परम’चा गाभा होता ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर. शेजारच्या चार ट्रान्सप्युटरांशी थेट बोलता यावे म्हणून चार दुवे असलेली ही चिप. तिचे उत्पादन केव्हाच बंद झाले. असा संगणक चालू ठेवायचा तर तशाच दुसऱ्या संगणकाच्या पोटातून चिप काढावी लागते. जुने संगणक जमवणारे लोक एकाच जातीची तीन-चार यंत्रे का साठवतात, याचे उत्तर इथे आहे. त्यातले एक चालते, बाकीची त्याला सुटे भाग पुरवतात.

जुन्या संगणकांचा छंद म्हटले की आपल्याला परदेश आठवतो. इंग्लंडमध्ये १९५१चा हार्वेल डेकाट्रॉन २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला, अमेरिकेत माउंटन व्ह्यूच्या संगणक संग्रहालयात निवृत्त अभियंत्यांनी आयबीएम १४०१ची दोन यंत्रे जिवंत केली. महाराष्ट्राचा इतिहासही लहान नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी घडवलेला संगणक फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. ज्या आयबीएम १४०१ला आज अमेरिकेत जपले जाते, त्याची वापरलेली यंत्रे आयबीएम आपल्या मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त करून देशभर भाड्याने देत असे. जुने यंत्र उघडून, साफ करून, पुन्हा उभे करण्याचे कसब या राज्यात साठ वर्षांपूर्वी पगारी काम होते.

पण मुंबई-पुण्याची ही मोठी यंत्रे निदान नोंदली गेली आहेत. मला काळजी आहे ती वऱ्हाडातल्या साध्या पीसीची.

१९८३ हे साल इथे मोलाचे आहे. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. शेगाव आणि बडनेरा इथली महाविद्यालये त्याच वर्षीची. त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. नंतरच्या दशकात प्रयोगशाळांतून, जिल्हाधिकारी कार्यालयांतल्या एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान) केंद्रांतून, सहकारी बँकांतून आणि छापखान्यांतून पीसी आले. आधी एक्सटी, मग २८६, ३८६, ४८६. हिरव्या किंवा पिवळट अक्षरांचे मॉनिटर, सव्वापाच इंची फ्लॉपी, २० एमबीची हार्डडिस्क. आज यातले जे उरले आहे ते माळ्यावर, जिन्याखाली किंवा कार्यालयाच्या बंद खोलीत आहे.

या यंत्रांवर मराठी कशी आली? त्याचाही सांधा १९८३शीच आहे. आयआयटी कानपूरमध्ये तयार झालेले देवनागरी टर्मिनल त्या वर्षी दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखवले गेले. त्या कामातून ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे आले आणि मोहन तांबे यांच्यासह ते सी-डॅकमध्ये पोहोचले. जिस्ट कार्ड म्हणजे पीसीच्या आयएसए खाचेत बसवायची एक पाटी. ती बसवली की वर्डस्टार, डीबेस, लोटस हे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम आहेत तसेच देवनागरीत चालू लागत. प्रोग्रॅमला पत्ताही नसे की पडद्यावर मराठी उमटते आहे. जोडाक्षरे जुळवण्याचे काम कार्ड करत असे. मला हे आपल्या भाषेसाठी झालेले एक फार देखणे तांत्रिक काम वाटते, आणि मुरंब्याच्या माणसाने उभ्या केलेल्या संस्थेत ते वाढले याचा वऱ्हाडाला अभिमान असायला हवा.

जिस्टमागे ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली होती. तिचे प्रमाणीकरण १९८८ आणि पुन्हा १९९१ मध्ये झाले. इस्कीचे तत्त्व असे: फाइलमध्ये अक्षराची ओळख साठवायची, आकार नाही. ‘क’, मग हलन्त, मग ‘ष’ एवढेच नोंदवायचे. ‘क्ष’ कसा दिसावा ते दाखवणाऱ्याने बघावे. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतली. म्हणून इस्कीतली फाइल हाती आली तर तिचे युनिकोड करणे सोपे असते. हाती आली तर.

छापखान्यांनी मात्र वेगळी वाट धरली. विंडोजवर डीटीपी आले, आणि श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचेच आयएसएम अशी पॅकेजे घरोघरच्या डीटीपी सेंटरांत पोहोचली. रेमिंग्टन टंकयंत्रावर तयार झालेल्या बोटांना तोच कळफलक संगणकावर मिळाला. पत्रिका, स्मरणिका, गावोगावच्या संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, संतचरित्रे, जिल्हा दैनिकांची पाने सगळे यात जुळले. या फाँटांनी अक्षराची ओळख नव्हे, आकाराचे तुकडे साठवले. काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धा ‘प’ वेगळा. पहिली वेलांटी दिसते आधी, म्हणून साठवलीही आधी. शिवाय कुठल्या तुकड्याला कुठला क्रमांक द्यायचा हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. सरकारी कार्यालयांत वर्षानुवर्षे चाललेले डीव्ही-टीटी योगेश आणि सुरेख हे फाँटही याच घराण्यातले. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा निरर्थक खच दिसतो.

वऱ्हाडाने हा प्रकार पूर्वी एकदा पाहिला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य होते. तिथेच तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह, आणि किल्ली फक्त पंथातल्या माणसांकडे. मराठीचे आद्य गद्य शतकानुशतके मठांच्या पेट्यांत होते आणि बाहेरच्या कुणालाही ते वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला तेव्हा ते दार उघडले. डॉ. वि. भि. कोलते यांचे संपादित ‘लीळाचरित्र’ तर १९७८ मध्ये आले.

जुन्या फाँटातली फाइल हीसुद्धा तांत्रिक अर्थाने अशीच एक सांकेतिक लिपी आहे. फाँट हीच तिची किल्ली. फरक साठवणीत आहे. महानुभावांची पोथी हातकागदावर होती, म्हणून राजवाड्यांची वाट बघत टिकली. फ्लॉपी लोहभस्माचा थर दिलेल्या पातळ प्लास्टिकवर आहे, आणि ती तीन-चार दशकांतच मरते.

म्हणून इथे जुना संगणक दुरुस्त करण्याला मी केवळ छंद मानत नाही. १९८५ ते २००५ या वीस वर्षांचे वऱ्हाडातले बरेचसे मराठी लेखन ज्या रूपात तयार झाले, ते रूप वाचायला बहुतेक वेळा तोच जुना संगणक लागतो. छापील प्रत असेल तिथे ठीक; पण न छापलेली टिपणे, दुसऱ्या आवृत्तीसाठी केलेल्या दुरुस्त्या, संस्थांचे हिशेब आणि सभासद याद्या यांची छापील प्रत कुठून आणणार?

आता प्रत्यक्ष काम. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. संगणकातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. त्यावर लोडशेडिंगच्या वर्षांतले विजेचे धक्के. म्हणून वीस वर्षे पडून असलेला पीसी थेट प्लगात घालायचा नाही. आधी पॉवर सप्लाय बाहेर काढून, फुगलेले कपॅसिटर बदलून, सिरीज बल्बवर तपासायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भरभक्कम पेटतो आणि पुढचे नुकसान टळते. मॉनिटरच्या नळीत बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा भार उरू शकतो. टीव्ही दुरुस्त करणारा जुना मेकॅनिक शेजारी असल्याशिवाय त्याचे मागचे झाकण काढू नये.

मदरबोर्डवर सगळ्यात आधी बघायची ती बॅटरी. ३८६ आणि ४८६च्या काळात घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची छोटी दंडगोल बॅटरी बोर्डावरच डाग दिलेली असे. ती फुटते, तिच्यातला अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खातो, आणि तिथे निळसर-हिरवी बुरशीसारखी पूड जमते. बॅटरी कापून टाकायची, डागावर पांढरे व्हिनेगर लावून अल्कलीचा प्रभाव मारायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्यायचे. तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडता येतात. काळ्या मातीची धूळ, सरकीच्या गावांतला कापसाचा फुपाटा आणि पालींची विष्ठा हा इथला खास वऱ्हाडी थर. तो मऊ ब्रशने कोरडाच काढावा, फुंकर मारून आत ढकलू नये.

हार्डडिस्कची गोष्ट नाजूक आहे. २० एमबीची जुनी एमएफएम डिस्क ज्या कंट्रोलर कार्डावर फॉरमॅट झाली, बहुतेक वेळा त्याच जातीच्या कार्डावर वाचली जाते. दोन्ही वेगळी केली की डिस्क चांगली असूनही मुकी होते. भंगारात नेमके हेच होते: कार्ड सोन्याच्या मुलाम्यासाठी एकीकडे, डिस्क अॅल्युमिनियमसाठी दुसरीकडे.

फ्लॉपीला पावसाळा खातो. खिडकीतून चकतीवर पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालायची नाही. बुरशी हेडवर चिकटते आणि पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्या ओरबाडते. स्वच्छ केलेल्या सव्वापाच इंची फ्लॉपीची खाच आधी चिकटपट्टीने बंद करावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. मग ड्राइव्ह ग्रीझवीझलसारख्या छोट्या सर्किटमार्फत आजच्या लॅपटॉपला जोडता येतो. हे सर्किट फाइल शोधत बसत नाही, चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेते. अर्थ नंतर सावकाश लावता येतो, आणि मरणाऱ्या फ्लॉपीला पुन्हा पुन्हा फिरवावे लागत नाही.

एवढे करून फाइल मिळाली तरी एक कुलूप उरते. आयएसएम, श्रीलिपी यांसारख्या पॅकेजांबरोबर प्रिंटरच्या पोर्टात लावायचे डोंगल येत असे. ते नसेल तर पॅकेज उघडत नाही. अंगठ्याएवढ्या या तुकड्यावर ना नाव, ना किंमत. आवरासावरीत तोच पहिला कचऱ्यात जातो. आणि आजच्या संगणकाला ना ते पोर्ट आहे, ना जिस्ट कार्डाला लागणारी आयएसए खाच. म्हणून माझा आग्रह संपूर्ण संचाचा आहे. पेटी, कार्ड, डोंगल, फ्लॉप्यांचा डबा, कळफलक, सोबतची माहितीपुस्तिका, शक्य तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही. नुसती पेटी शोभेची ठरते.

हे संच सरकारी आणि शैक्षणिक संस्थांतून बाहेर पडतात ते निर्लेखनाच्या वाटेने. जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद असते, फ्लॉपीत काय आहे याची नसते. समिती बसते, वस्तू निरुपयोगी ठरते, लिलावात वजनावर जाते. ई-कचऱ्याचे नियम पाळून ती जावी हे योग्यच. काचेच्या नळीतले शिसे उकिरड्यावर पडू नये. मात्र नोंदवहीत आणखी एक रकाना हवा: या यंत्रावर कोणत्या फाँटात काम होत होते.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांचा अभ्यास तिथे होणे स्वाभाविक आहे; त्याच छताखाली एक खोली या नव्या बंद लिप्यांसाठी हवी. आयएसए खाचा असलेला एक ३८६, सव्वापाच आणि साडेतीन इंची ड्राइव्ह, जिस्ट कार्ड, प्रिंटर पोर्ट असलेला विंडोज ९८चा एक पीसी, आणि जमतील तेवढी डोंगल. अमरावती आणि अकोल्याच्या अभियांत्रिकीच्या मुलांना हार्डवेअर शिकायला यापेक्षा चांगली कार्यशाळा मिळणार नाही. आजच्या लॅपटॉपमध्ये डाग देण्याजोगे फारसे काही उरलेलेच नाही.

खोली होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. जिल्ह्यातल्या छापखान्यांत त्या काळी अक्षरजुळणी करणारे डीटीपी ऑपरेटर आता पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्यातल्या मुरलेल्या माणसांना पडद्यावरचा चिन्हांचा खच बघून फाइल श्रीलिपीची, आकृतीची की आयएसएमची हे ओळखता येते. त्यांना आधी गाठावे, फ्लॉप्यांचे डबे कुठे आहेत ते विचारावे, आणि डब्यावरच्या चिठ्ठ्या पुसट होण्याआधी त्यांच्याकडून वाचून घ्याव्यात.