मोबाईलवरील डावपेचाचा खेळ आणि हलाल कमाई

मोबाईलवरचे खेळ हे निव्वळ वेळ घालविण्याचे साधन आहे, असे आपल्यातील बहुतेक वडीलधारी मंडळी मानतात. तरुण मुलांचे म्हणणे मात्र आता निराळे आहे. या खेळातून पैसाही मिळतो, असे ती सांगतात. मागाचा धंदा मंद असला, कारखान्यातील पाळ्या कमी झाल्या, की घरातील अठरा-वीस वर्षांचा मुलगा हाच रस्ता धरू पाहतो. त्याला नुसते रागावून भागत नाही. कोणता पैसा हलाल, कोणता हराम आणि कोणता संशयाचा, हे त्याला हिशेबाने समजावून सांगावे लागते. व्यापारी बांधवांना हे काम अवघड जाऊ नये, कारण जे नियम बाजारात लागू आहेत तेच येथेही लागू पडतात.

खेळ कसा असतो

उदाहरणादाखल आम्ही 'क्लॅश रॉयल' हा खेळ घेतो. फिनलंडमधील हेलसिंकी येथील सुपरसेल या कंपनीने तो मार्च २०१६ मध्ये जगभर सुरू केला. याच कंपनीचा 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा खेळ २०१२ पासून चालू आहे. क्लॅश रॉयलमध्ये दोन खेळाडू समोरासमोर असतात. प्रत्येकाकडे तीन बुरूज आणि आठ पत्त्यांचा संच असतो. हे जुगाराचे पत्ते नव्हेत. एखाद्या पत्त्यावर सैनिक असतो, एखाद्यावर तोफ, एखाद्यावर इमारत. पत्ता टाकायला 'इलिक्सर' नावाचे भांडवल खर्च करावे लागते. ते हळूहळू जमते आणि दहाच्या वर साठत नाही. मुख्य डाव तीन मिनिटांचा. भांडवल कधी गुंतवायचे आणि कधी हात आखडता घ्यायचा, हे ज्याला कळते तो जिंकतो. खेळात अक्कल लागते, हे मुलांचे म्हणणे खोटे नाही.

पण एक गोष्ट त्यांनी ध्यानात घ्यावी. हा खेळ मोबाईलवर फुकट मिळतो आणि कंपनीची कमाई खेळाडूंना आतील रत्ने, पास वगैरे विकून होते. म्हणजे पैशाचा ओघ खेळाडूकडून कंपनीकडे आहे. खेळाडूने उलट दिशेने पैसा आणायचा म्हटले, तर तो कोठून येणार, हे आधी पाहिले पाहिजे.

तीन प्रश्न

आमच्या मते कोणत्याही कमाईला तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाच्या खिशातून येतो? तो कशाच्या बदल्यात येतो? आणि जे आपण विकतो ते खरोखर आपल्या मालकीचे आहे काय? या तिन्ही प्रश्नांची साफ उत्तरे मिळाली तर पुढे जावे. एकाचेही उत्तर गोलमाल असेल तर हात आवरावा.

वर्गणीची स्पर्धा आणि प्रायोजकाचे बक्षीस

पहिला प्रश्न स्पर्धेला लावून पाहू. समजा, मोहल्ल्यातील ६४ मुलांनी प्रत्येकी ५० रुपये भरले. ३,२०० रुपये जमले. आयोजकाने ७०० ठेवून घेतले आणि २,५०० पहिल्या नंबराला दिले. येथे जिंकणाऱ्याच्या हातात आलेला पैसा हरलेल्या मुलांच्या खिशातून आला. प्रत्येकाने पैसा लावला. एकाला मिळाला, बाकीच्यांचा गेला. यालाच किमार म्हणतात. कुरआनमध्ये सूरह अल-माइदाच्या ९० व्या आयतीत शराबबरोबरच जुगारालाही मनाई आहे. खेळात अक्कल लागते म्हणून लावलेला पैसा पाक होत नाही.

आता दुसरी रीत पाहा. मोबाईलच्या दुकानदाराने आपल्या दुकानाच्या जाहिरातीसाठी २,५०० रुपये बक्षीस ठेवले. मुलांकडून काही घेतले नाही. हरणाऱ्याचे काही गेले नाही. येथे पैसा तिसऱ्याच्या खिशातून आला आणि दुकानदाराला त्याचा मोबदला जाहिरातीच्या रूपाने मिळाला. या दोन रीतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बक्षिसाची परवानगी घोडदौड, उंटांची शर्यत व तिरंदाजी एवढ्यापुरतीच आहे की इतर खेळांनाही लागू होते, याविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. म्हणून बक्षीस घेण्यापूर्वी आपल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारून घ्यावे. मैदानाचे भाडे किंवा विजेचा खर्च मुलांकडून घ्यायचाच असेल तर त्याचा हिशेब वेगळा ठेवावा आणि त्यातील एक पैसाही बक्षिसात मिसळू नये.

देशाचा कायदाही येथे डोळ्यांआड करता येत नाही. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. पैसे लावून खेळविले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने मना केले आहेत. असे खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. ई-स्पोर्ट म्हणजे मान्यता व नोंदणी असलेली स्पर्धा, ती कायद्याने वेगळी ठेवली आहे. पण तिच्यातही पैज किंवा डाव लावण्यास जागा नाही. वर्गणी जमवून बक्षीस वाटणारा आयोजक कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो, हे मुलांच्या कानावर घालावे.

बक्षिसावर घर चालेल, या भ्रमातही कोणी राहू नये. २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई खेळांत ई-स्पोर्ट प्रदर्शनी प्रकार म्हणून घेतले गेले. त्यात भुजच्या तीर्थ मेहता यांनी 'हर्थस्टोन' या डावपेचाच्या खेळात कांस्यपदक मिळविले. अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांच्यामागे हजारो मुले असतात, ज्यांच्या हाती काहीच लागत नाही.

खात्याची विक्री

आता तिसरा प्रश्न, मालकीचा. वर्ष-दोन वर्षे खेळून वरच्या दर्जाला नेलेले खाते विकायचे, हा मुलांमधला सर्वांत चालू सौदा. पण कंपनीच्या अटी स्वच्छ आहेत. खाते खेळाडूच्या मालकीचे नसते. त्याला ते केवळ वापरण्याची परवानगी असते आणि विकण्यास बंदी असते. आपल्या धंद्यातील दाखला द्यायचा तर व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणणारा मागवाला तो ताका परस्पर बाजारात विकू शकत नाही. मेहनत त्याची असली तरी माल दुसऱ्याचा आहे. जे आपले नाही ते विकू नये, ही शरियतची शिकवण येथे सरळ लागू होते.

या सौद्यात धोकाही मोठा. विकणारा जुन्या ईमेलच्या आधारे खाते परत खेचून घेतो आणि घेणारा हात चोळत बसतो. कंपनीला पत्ता लागला तर खाते कायमचे बंद होते. दाद कोणाकडे मागणार?

दुसऱ्याच्या खात्यावर आपण खेळून त्याचा दर्जा वाढवून देणे आणि त्याचे पैसे घेणे, हाही असाच प्रकार. मेहनत खरी, पण समोर खेळणाऱ्याला फसविले जाते. हलक्या मालावर भारी मालाचा शिक्का मारण्यासारखेच हे आहे. चोरटे सॉफ्टवेअर वापरणे किंवा स्वस्तात रत्ने मिळवून देतो म्हणून पैसे उकळणे, याविषयी तर बोलायलाच नको.

मेहनतीची कमाई

मग हलाल मार्ग उरतो कोणता? आमच्या पाहण्यात जे उरतात ते सारे उजरतीचे, म्हणजे ठरलेल्या कामाच्या ठरलेल्या मोबदल्याचे आहेत.

पहिला मार्ग शिकवणीचा. चांगला खेळाडू नवख्याला तासाच्या हिशेबाने शिकवू शकतो. कोणता संच घ्यावा, चूक कोठे झाली, हे त्याचा डाव पाहून समजावून सांगावे. दर, वेळ आणि तासांची संख्या आधी ठरवावी. अमुक दर्जाला पोहोचवीन, अशी हमी देऊ नये, कारण निकाल आपल्या हातात नसतो. शिकणारा वयाने लहान असेल तर सौदा त्याच्या वडिलांशी करावा.

दुसरा मार्ग व्हिडिओचा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची नोंद लागते. छोट्या व्हिडिओंसाठी ९० दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाण्याची अट आहे. म्हणजे पहिले कित्येक महिने फुकट मेहनत. सुपरसेल आपल्या मान्यताप्राप्त व्हिडिओवाल्यांना एक कोड देते. प्रेक्षकाने खरेदी करताना तो टाकला की त्यातील वाटा व्हिडिओवाल्याला मिळतो. ही एक प्रकारची दलालीच झाली. ती घ्यायची तर दलालाचे इमानही पाळावे. लहान मुलांना आईबापाचे पैसे उडविण्यास भरीस घालू नये. काही खेळांत आत काय आहे हे न सांगता बंद पेटी पैशाने विकतात. बेल्जियमच्या जुगारविषयक आयोगाने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगारच ठरविले. त्यांची भलामण करू नये. सट्ट्याच्या कंपन्यांची जाहिरात तर कितीही रक्कम मिळाली तरी घेऊ नये.

तिसरा मार्ग आजूबाजूच्या कामांचा, आणि आमच्या मते तो सर्वांत टिकाऊ आहे. व्हिडिओची जोडणी, चित्रांची रचना, स्पर्धेचे समालोचन, मोबाईलची दुरुस्ती ही कामे शिकलेला मुलगा उद्या हा खेळ बंद पडला तरी उपाशी राहणार नाही. कापडवाल्यांसाठीही यात काम आहे. संघांना जर्सी लागतात. त्या बहुधा पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडावर सब्लिमेशन छपाईने होतात. ही छपाई सुती कापडावर धरत नाही, हे ऑर्डर घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला सांगावे. संघाचे स्वतःचे नाव व चिन्ह छापावे. खेळाच्या कंपनीचे चिन्ह परवानगीवाचून छापून विकू नये. तो दुसऱ्याचा मार्का आहे.

पाया वाळूचा आहे

हा धंदा दुसऱ्याच्या जागेवर उभा असतो, हे शेवटी सांगितलेच पाहिजे. जून २०२० मध्ये सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात 'मोबाईल लेजेंड्स' हा डावपेचाचा खेळ होता. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी गेला. त्याच्या जागी आलेला 'बीजीएमआय' जुलै २०२२ मध्ये हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या खेळांवरच ज्यांची सारी रोजी होती त्यांची दुकाने एका रात्रीत बंद पडली. म्हणून शिक्षण किंवा हातातला हुन्नर सोडून कोणी यामागे लागू नये. जोडधंदा म्हणून करावा, ठराविक तास द्यावेत, नमाजेची वेळ आणि रात्रीची झोप त्यात घालवू नये. कमाईची वही ठेवावी, कारण प्राप्तिकर या आवकेवरही लागतो.

व्यापारी बांधवांना आमची एकच सूचना आहे. घरातील मुलगा या खेळातून चार पैसे आणून दाखवील तेव्हा त्याच्यावर ओरडू नका आणि कौतुकानेही हुरळून जाऊ नका. त्याला शेजारी बसवा, वही उघडा आणि वरचे तीन प्रश्न विचारा. उत्तरे साफ असतील तर त्याला दुवा द्या. नसतील तर तो पैसा ज्याचा त्याला परत करायला लावा. रक्कम लहान असतानाच ही सवय लागते. पुढे तो आपल्या गादीवर बसेल तेव्हा हीच सवय त्याच्या आणि आपल्या धंद्याच्या कामी येईल.